काळी दारू, मोठी नळी : शार्प्स आणि मार्टिनी-हेन्री धाटणीच्या रायफलींची नेमबाजी

रानवारा

इथे नेमबाजीचे धागे येतात ते बहुधा ऑलिंपिकच्या हंगामात. मला लिहायचंय ते निराळ्या नेमबाजीबद्दल. दीडशे वर्षांपूर्वीच्या धाटणीच्या रायफली, एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या, अकरा-साडेअकरा मिलिमीटर नळीच्या, काळ्या दारूवर चालणाऱ्या. शार्प्स, रेमिंग्टन रोलिंग ब्लॉक, विंचेस्टर हाय वॉल, स्प्रिंगफील्ड ट्रॅपडोर ही त्यातली ठळक नावं. अस्सल जुन्या बंदुका बहुतेक संग्राहकांच्या कपाटात असतात. मैदानावर दिसतात त्या जुन्या नमुन्यावरून नव्याने घडवलेल्या. इटलीत पेदेर्सोली बनवतात, मोंटानातल्या बिग टिंबर या छोट्याशा गावात शायलो बनवतात.

मी कोलोराडोत राहतो. दक्षिणेला न्यू मेक्सिकोच्या हद्दीत शिरलं की राटोन गाव लागतं आणि गावाबाहेर व्हिटिंग्टन सेंटर हे अफाट मोठं नेमबाजीचं मैदान आहे. या रायफलींची 'सिल्हूट' स्पर्धा तिथे १९८५ पासून रुजली. पोलादी पत्र्यातून कापलेले प्राणी ठरलेल्या अंतरांवर उभे करतात : २०० मीटरवर कोंबडी, ३०० वर डुक्कर, ३८५ वर टर्की, ५०० वर मेंढा. नुसती गोळी लागून भागत नाही, प्राणी पडला पाहिजे. कोंबडीवर उभ्याने, कशाचाही टेकू न घेता नेम धरायचा. बाकीच्यांना जमिनीवर बसून किंवा पालथं पडून दोन काठ्यांच्या फुलीवर नळी टेकवता येते. रायफल १८९६ पूर्वीच्या अमेरिकी धर्तीची एकबारी हवी, आणि वजन १२ पौंड २ औंसांच्या आत.

लोकांना वाटतं अवघड आहे ते अंतर. अंतर मोजता येतं, वारा वाचायला शिकता येतो, खांद्याला बसणारा धक्का सवयीचा होतो. या खेळात खरी गाठ पडते ती नळीतल्या काजळीशी, आणि बाकी सगळी कारागिरी तिच्याभोवती फिरते.

आजच्या बिनधुराच्या दारूचा जवळजवळ सगळा वायू होतो. काळ्या दारूचं तसं नाही. जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग घनरूपात उरतो. त्यातला बराचसा पांढऱ्या धुराबरोबर बाहेर जातो, उरलेला नळीत बसतो. हवा दमट असेल तर हा थर मऊ राहतो. न्यू मेक्सिकोच्या कोरड्या उन्हात, त्यात नळी तापलेली, तो खरपुडीसारखा कडक होतो. गोळी असते मऊ शिशाची. तिला त्या खरपुडीवरून घासत जावं लागतं, शिसं नळीच्या आट्यांना, म्हणजे आतल्या पिळदार खाचांना, चिकटतं, आणि पहिले तीन-चार बार एका मुठीत बसवणारी रायफल पुढचा बार हातभर वर किंवा खाली टाकते. रायफल तीच, माणूस तोच, बदलली ती काजळी.

यावर उपाय दोन. एक, प्रत्येक बारानंतर ओलसर चिंधी गजाने नळीतून फिरवायची. दुसरा, फुंकनळी. काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीला बुडाशी भोक पाडून तिला रबरी किंवा प्लॅस्टिकची नळी जोडतात. बार झाला की खटका उघडायचा, पुंगळी काढायची, फुंकनळी तिच्या जागी बसवायची आणि सावकाश, लांब श्वास सोडायचे. जोरात फुंकायचं नाही. श्वासातली वाफ काजळीवर धरली पाहिजे. चार श्वास, कोरड्या दिवशी सहा-सात. शेवटच्या श्वासाला नळीच्या तोंडाशी हात धरला तर दमट ऊब जाणवते. ती जाणवली की पुढचं काडतूस घालायचं.

काडतुसाबद्दल खाली लिहितो, आधीच पोस्ट लांबली.

सांजसकाळ

वाचतेय. या विषयावर मराठीत काहीच वाचलेलं नव्हतं. एक भाबडा प्रश्न : काजळीचा इतका त्रास असेल तर आजची दारू वापरून मोकळं का होत नाहीत?

रानवारा

सांजसकाळ, प्रश्न भाबडा नाही, सगळे हाच विचारतात. स्पर्धेचा नियम हे एक कारण. दुसरं सुरक्षिततेचं. जुन्या बंदुका काळ्या दारूच्या दाबासाठी घडवलेल्या. तिच्या मापाने आजची दारू भरली तर नळी फुटेल आणि माणूस जीवानिशी जाईल. हे कुणी गंमत म्हणूनही करू नये. तिसरं कारण माझ्यापुरतं : काजळी काढून टाकली तर या रायफलीत शिकण्यासारखं जे आहे त्यातलं निम्मं निघून जातं.

आता काडतूस. सगळ्यात चालतं ते .४५-७०. अमेरिकी लष्कराने १८७३ साली स्प्रिंगफील्ड रायफलीबरोबर घेतलं. नावातच माप आहे : ०.४५ इंच व्यास, ७० ग्रेन काळी दारू. लष्करी गोळी ४०५ ग्रेनची होती, आम्ही लांब पल्ल्यासाठी ५०० ते ५४० ग्रेनच्या ओततो. ५३० ग्रेन म्हणजे साधारण ३४ ग्रॅम शिसं. याहून मोठी .४५-९०, .४५-११०, आणि 'म्हशीच्या', म्हणजे तिकडच्या बफेलो गव्यांच्या, शिकाऱ्यांची .५०-९०.

गोळ्या घरीच ओतायच्या. वीस भाग शिसं, एक भाग कथील. कथील वाढलं की गोळी कडक होते आणि काळ्या दारूला कडक गोळी चालत नाही. बार होताना मागून बसणाऱ्या तडाख्याने गोळी बुडाशी किंचित फुगली पाहिजे, म्हणजे आटे भरून निघतात आणि मागचा वायू पुढे सटकत नाही. ओतलेली प्रत्येक गोळी तराजूवर जाते. एका ग्रेनच्या फरकाने ढिगारे वेगळे. बुडाच्या कडेला सुईच्या टोकाएवढा खड्डा दिसला तरी गोळी परत भट्टीत, कारण गोळी नळीतून सुटताना शेवटी सुटतं ते बूड, आणि तिथल्या खोटीने ती डगमगते.

पुंगळीत दारू आणि गोळी यांच्यामध्ये रिकामी जागा ठेवायची नाही, हा या प्रकारातला पहिला नियम. पोकळी राहिली तर नळीला धोका आहे. दारू तोलून दोन फूट लांबीच्या पितळी नळीतून हळूहळू सोडतात, दाणे आपोआप दाट बसतात. मग दाबून ठरलेल्या उंचीवर आणायची, वर जाड कागदाची चकती, आणि त्यावर गोळी. माझ्या पुंगळीत गोळी अंगठ्याने बसते. एका पौंडात ७००० ग्रेन, तेव्हा एका डब्यातून शंभराच्या आसपास काडतुसं निघतात.

वंगणही महत्त्वाचं. मधमाश्यांचं मेण आणि त्यात तेल किंवा चरबी, असं मिश्रण गोळीच्या खाचांत भरतात. खनिज तेलाचं ग्रीस वापरलं तर काजळी डांबरासारखी होऊन बसते.

गगनबावडा

कोल्हापूरकर असल्यामुळे नेमबाजीचा धागा दिसला की थांबणं भाग आहे. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (पालथं पडून नेम) विश्वविजेत्या झाल्या, स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसला ब्राँझ आणलं, तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक गल्लीत एक तरी पोरगं एअर रायफल धरून उभं आहे. मी स्वतः दहा मीटरचा. आमचा छर्रा अर्ध्या ग्रॅमचा आणि तुमची गोळी ३४ ग्रॅमची, हे वाचून जरा वेळ तसाच बसलो.

माझा प्रश्न चाप ओढल्यानंतरच्या क्षणाबद्दल. आम्हाला शिकवतात की छर्रा सुटल्यावरही नेम धरून राहा. तुमच्याकडे ते किती लागतं? आणि साइट्स कशा असतात?

रानवारा

गगनबावडा, तुमच्याहून जास्त लागतं. शार्प्सचा घोडा म्हणजे बोटभर जाड लोखंड, तो मागून पुढे येऊन आदळायलाच वेळ घेतो. त्यानंतर दारू पेटणार, मग जड गोळी सेकंदाला साधारण ४०० मीटरच्या वेगाने तीस-बत्तीस इंची नळीतून बाहेर पडणार. तेवढ्या वेळात खांदा सैल सोडला की गोळी गेलीच भलतीकडे. एअर रायफलवाल्या पोरांना या रायफली लवकर साधतात, ते यामुळेच. चाप दोन असतात. मागचा ओढून यंत्र 'चढवायचं', मग पुढच्याला नुसता स्पर्श पुरतो.

मागची साइट दस्त्याच्या मनगटावर उभी राहते, वीतभर उंचीची शिडीच म्हणा. तिला व्हर्नियर साइट म्हणतात. बारीक छिद्रातून बघायचं आणि स्क्रूने छिद्र वर-खाली सरकवायचं. इंचाचा शंभरावा भाग सरकवला की १०० यार्डांवर साधारण एक इंचाचा फरक पडतो. पुढच्या साइटवर गोल नळकांडं, त्यात बदलता येणारी कडी, आणि खाली चिमुकली पाणसळ. पाणसळ शोभेची नाही. छिद्र इतकं वर चढवलेलं असताना रायफल थोडी जरी कलंडली तरी ५०० मीटरवर गोळी बाजूला पडते.

वारा मात्र माणूस एकटा वाचू शकत नाही. शेजारी जोडीदार दुर्बीण लावून बसतो, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे आपला धूर त्याच्या डोळ्यांत जात नाही. मला माझा बार दिसतच नाही, समोर पांढरा ढग उभा असतो. जोडीदार सांगतो : "तीनच्या बाजूला, अर्धा मेंढा", म्हणजे घड्याळात तीन असतात त्या बाजूला, उजवीकडे. मी साइट सरकवतो. ५०० मीटरवर गोळी पोचायला दीड सेकंदाच्या आसपास, आणि पत्र्याचा टण्णकार परत यायला आणखी तितकाच वेळ. ते तीन सेकंद मैदानावरचं कुणीही बोलत नाही. आवाज आला की मगच सगळे श्वास सोडतात.

खडकीकर

धागा आवडला. माझी सगळी नोकरी दारूगोळ्याच्या कारखान्यात गेली, त्यामुळे दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. खडकीचा कारखाना १८६९ चा, म्हणजे रानवारांनी लिहिलेल्या काळातलाच.

अमेरिकेतली शार्प्स तशी आपल्याकडची मार्टिनी-हेन्री. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये घेतली. काडतूस .५७७/४५० : ४८० ग्रेनची कागद गुंडाळलेली गोळी आणि ८५ ग्रेन काळी दारू. बुडाशी रुंद, तोंडाशी बारीक. सुरुवातीची पुंगळी पातळ पितळी पत्र्याची गुंडाळी करून बनवायचे. बार झाल्यावर, विशेषतः तापलेल्या आणि काजळलेल्या बंदुकीत, हा पत्रा अडकायचा. सुदानमध्ये आणि झुलूंच्या लढाईत हे पुष्कळ अनुभवाला आलं. पुढे एकसंध ओढलेल्या पितळी पुंगळ्या आल्या. नळी इतकी तापायची की शिपाई तिच्याभोवती कातडं शिवून घ्यायचे.

हिंदी पलटणींना मात्र ही बंदूक लवकर मिळाली नाही. १८५७ नंतर सरकारचं धोरणच होतं की हिंदी शिपायाचं हत्यार गोऱ्या शिपायापेक्षा एक पिढी मागे असावं. २७ जुलै १८८० ला अफगाणिस्तानात मैवंदला मुंबई लष्कराच्या ग्रेनेडियर्स आणि जेकब्ज रायफल्स या पलटणी लढल्या त्या स्नायडर घेऊन. स्नायडर म्हणजे जुन्या एन्फिल्डलाच मागून झडप बसवलेली. शेजारच्या ६६ व्या गोऱ्या पलटणीकडे मार्टिनी-हेन्री होत्या. मैवंदच्या पराभवावर लिहिणारे हिंदी पलटणींच्या पळापळीबद्दल भरभरून लिहितात, त्यांच्या हातात काय दिलं होतं याबद्दल एखादं वाक्य. मला हे खटकत आलंय.

आणखी एक, हे फारच थोड्यांना माहीत आहे. मार्टिनी-हेन्री सरहद्दीवरच्या टोळ्यांच्या हातात इतक्या गेल्या की त्यांना काडतुसं मिळू नयेत म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारने .४५० मापाच्या बंदुकांना हिंदुस्थानात बंदी घातली. वाघाच्या शिकारीसाठी रायफली विकणाऱ्या विलायती कारखानदारांची पंचाईत झाली, कारण त्यांचं लाडकं माप तेच. म्हणून त्यांनी .४६५, .४७० अशी शेजारची मापं काढली. आफ्रिकेतल्या हत्तींच्या शिकारीत पुढे गाजलेली .४७० त्या बंदीतून जन्मली.

नाचणी

खडकीकर, तुमच्या पोस्टवर उडी मारून आले! मी ओहायोत असते आणि माझ्याकडे मार्टिनी-हेन्री आहे. नेपाळमधून आलेली.

नेपाळच्या लष्कराने काठमांडूच्या लगन सिलेखान्यात शतकभर पडून असलेला साठा विकायला काढला आणि २००३ मध्ये दोन अमेरिकी व्यापाऱ्यांनी तो उचलला. मार्टिनी-हेन्री, स्नायडर, ब्रन्सविक, तलवारी, तोफा, सगळंच. त्यात नेपाळमध्येच घडवलेली गहेंद्र रायफलही आहे, जनरल गहेंद्र शमशेर राणांच्या नावाची. बाहेरून मार्टिनीची बहीण, पण आतली यंत्रणा वेगळी. (गहेंद्र मात्र भिंतीवरच टांगा असं जाणकार सांगतात, लोखंडाचा भरवसा नाही.) १८९८ किंवा त्याआधीची बंदूक असल्यामुळे अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात ती पुराणवस्तू धरली जाते.

माझी आली ती वाळलेल्या ग्रीसच्या आणि मातीच्या लेपात. दस्त्याचं पितळी बूड घासत गेले तसं खालून देवनागरी उमटायला लागलं. पलटणीचं नाव आणि क्रमांक, छिन्नीने कोरलेले, ६ चा आकडा जरासा तिरका. आमच्या क्लबात अशा बंदुका आणखी तिघांकडे आहेत आणि कुणालाच ते वाचता येत नव्हतं. आता कुणीही नवी घेतली की आधी माझ्याकडे घेऊन येतो. फोटो पाठवतात, मी वाचून देते. आकडे आपलेच, शब्दांना मात्र नेपाळी शब्दकोश जवळ ठेवते.

नेम धरण्याआधी बंदुकीच्या कारागिराकडून तपासून घेतली, नळीचं माप काढलं. प्रत्येक मार्टिनीचं माप वेगळं निघतं, त्याप्रमाणे गोळी बरीच जाड ओतावी लागते. पुंगळ्या बाजारात महाग, म्हणून २४ नंबरच्या पितळी शॉटगन पुंगळ्या घेऊन साच्यातून ओढून आकार देतो. आणि रानवारांनी लिहिलेला पोकळीचा नियम इथे जास्तच लागू, कारण पुंगळी अवाढव्य आणि आम्ही जुन्या नळीला सांभाळून दारू कमी भरतो. उरलेली जागा भरायला काय वापरतात ठाऊक आहे? पांढऱ्या सावरीचा कापूस! आजीच्या घरी उशांत भरलेला असायचा तोच. इकडे कापोक नावाने पिशव्या मिळतात.

सांजसकाळ

नाचणी, देवनागरी कोरलेली बंदूक ओहायोत! फोटो टाका ना.

रानवारा, 'क्रीडमूर' हा शब्द बंदुकांच्या व्हिडिओंत सारखा येतो, तो याच प्रकारातला का?

रानवारा

हो, याच खेळाचं ते माहेरघर. आजकाल त्या नावाचं एक आधुनिक काडतूस आहे म्हणून तुम्हाला सगळीकडे दिसतं. मूळ क्रीडमूर हे न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरचं मैदान.

१८७३ मध्ये आयर्लंडच्या संघाने इंग्लंडात विम्बल्डनला एल्को शील्ड ही लांब पल्ल्याच्या नेमबाजीची ढाल जिंकली आणि मग अमेरिकेला आव्हान दिलं. २६ सप्टेंबर १८७४ ला सामना झाला. दोन्हीकडे सहा-सहा नेमबाज, ८००, ९०० आणि १००० यार्ड, प्रत्येक अंतरावर माणशी पंधरा बार. आयरिश आले रिग्बी या बंदूककाराच्या, तोंडाकडून ठासायच्या रायफली घेऊन. अमेरिकनांकडे शार्प्स आणि रेमिंग्टनच्या, मागून काडतूस घालायच्या. रेमिंग्टनची रायफल घडवणारा हेपबर्न स्वतः संघात होता. त्या वेळच्या जाणत्यांचं मत आयरिशांच्या बाजूने होतं, आणि त्याला आधार होता : तोंडाकडून ठासायच्या बंदुकीत प्रत्येक बारानंतर नळी पुसणं होतंच, तेव्हा काजळीचा प्रश्न निकालात निघालेला. मागून भरायच्या बंदुकीने लांब पल्ल्यावर तसा एकसारखा नेम दिलेला कुणी बघितला नव्हता.

मिल्नर नावाच्या आयरिश नेमबाजाची एक गोळी बरोबर मध्यात लागली, पण शेजारच्या फळीवर. शून्य गुण. शेवटी उरला अमेरिकेच्या बोडाइनचा एक बार, आणि त्याने थोड्या वेळापूर्वी जिंजर बिअरची बाटली उघडताना हात कापून घेतलेला. रक्ताळलेल्या हाताला रुमाल धरून त्याने १००० यार्डांवर मध्य गाठला. ९३४ विरुद्ध ९३१, अमेरिका जिंकली. मिल्नरची गोळी आपल्या फळीवर असती तर हा धागा मी रिग्बीबद्दल लिहिला असता.

१००० यार्डांवर या गोळीला पोचायला तीन सेकंदांच्या वर लागतात. तेवढ्या वेळात वारा फिरू शकतो. नुसत्या छिद्रातून बघून हे करणारी माणसं होती ती.

रेवदंडा

आमच्याकडे कोकणात ठासणीची बंदूक अजून आहे घरोघरी नाही तरी वाडीत एखादी. शेतीरक्षणाचा परवाना. रानडुक्कर आणि वानरं नाचणी-भाताची वाट लावतात, तेव्हा मोठा आवाज काढायला. आजोबांची होती. बार काढून आले की रात्र कितीही होवो, चुलीवर आधण ठेवायचे आणि उकळतं पाणी नळीत ओतायचे. पहिलं पाणी काळं निघायचं आणि घरभर कुजक्या अंड्यासारखा वास. आजी दार उघडून बाहेर जाऊन बसायची. पाणी स्वच्छ निघेपर्यंत ओतायचे, मग गजाला चिंधी बांधून कोरडी करून खोबरेल. मला वाटायचं ही त्यांची स्वतःची रीत.

रानवारा

रेवदंडा, आजोबांची रीत शंभर टक्के बरोबर, मी कालपरवा तेच केलं. ती काजळी क्षारांची असते. हवेतलं पाणी ओढून घेते आणि रात्रभरात नळीला गंज धरतो, विशेषतः कोकणच्या हवेत. तेलाने ती निघत नाही, पाण्यातच विरघळते. त्यातल्या सल्फाइडला पाणी लागलं की तो अंड्याचा वास सुटतो. आम्ही पुंगळ्याही बार झाल्या झाल्या साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाकतो, नाहीतर पितळ काळं पडतं.

पाऊलवाट

सगळं वाचलं. माहिती उत्तम आहे, पण एक गोष्ट बोलायला हवी. याच शार्प्स रायफलींनी दहा-बारा वर्षांत अमेरिकेतले लाखो गवे संपवले आणि त्या गव्यांवर जगणारी माणसं उपाशी पाडली. पोलादी प्राणी पाडताना त्याची आठवण राहते का? की 'म्हशीची बंदूक' हे कौतुकाचं नाव झालंय?

रानवारा

पाऊलवाट, प्रश्न योग्य आहे आणि मी त्याला बगल देणार नाही.

१८७० च्या सुरुवातीला गव्याच्या कातड्यापासून टिकाऊ चामडं करण्याची रीत बसली. कारखान्यांच्या यंत्रांचे पट्टे त्यातून व्हायचे. रेल्वे माळरानात पोचली होतीच. कातडं काढायचं, धड तिथेच कुजत सोडायचं. १८८० चं दशक संपता संपता काही शेकडा जनावरं उरली. हत्यार शार्प्स आणि रेमिंग्टन. लांबून, एका जागी बसून, कळप न बुजवता मारता येई, म्हणूनच शिकाऱ्यांनी ती उचलली. जो गुण आम्ही मैदानावर वाखाणतो, तोच.

जून १८७४ मध्ये टेक्सासात अडोबी वॉल्सला कोमांची, कायोवा आणि शायेन यांनी कातडेवाल्यांच्या तळावर हल्ला केला. बिली डिक्सन नावाच्या शिकाऱ्याने उसन्या .५०-९० शार्प्सने लांबच्या टेकाडावरच्या घोडेस्वाराला पाडलं. अंतर १५३८ यार्ड सांगतात. तो स्वतः त्याला नशिबाचा बार म्हणाला. मैदानावर ही गोष्ट फार रंगवून सांगतात. ते लोक तिथे का आले होते हे क्वचित कुणी सांगतं. त्यांचं अन्न डोळ्यांदेखत कुजत पडलं होतं, आणि ज्या भागात कातडेवाले शिरले तो करारानुसार त्यांच्या शिकारीचा मुलूख होता. मी नव्या माणसाला ही गोष्ट सांगतो तेव्हा दोन्ही भाग सांगतो. माझ्या रायफलीला मी 'म्हशीची बंदूक' म्हणत नाही. शार्प्स म्हणतो.

पाऊलवाट

उत्तराबद्दल आभार. माझं मत पूर्ण बदललं असं नाही. हत्याराचा इतिहास आणि हत्याराचा आनंद मला इतक्या सहज वेगळे करता येत नाहीत. पण दोन्ही भाग सांगणारे लोक तिथे आहेत हे वाचून बरं वाटलं.

गगनबावडा

भारतात हे कुठे करता येईल का? निदान बघता तरी?

खडकीकर

गगनबावडा, करणं कठीण. शस्त्र कायदा १९५९ चा, नियम २०१६ चे. परवान्याशिवाय चालू स्थितीतली कुठलीच बंदूक नाही, दारू आणि ती पेटवणाऱ्या टोप्यांनाही तेच. घरात आजोबांची जुनी बंदूक सापडली तर स्वतः उघडायला, साफ करायला जाऊ नका. आत बार भरलेला असू शकतो, आणि काळी दारू कोरडी राहिली तर कितीही वर्षांनी पेटते. आधी पोलीस ठाण्यात कळवा. बघायचं म्हणाल तर तुमच्या कोल्हापुरातच नव्या राजवाड्याच्या संग्रहालयात संस्थानी बंदुका आहेत, पुण्यात केळकर संग्रहालयात जुनी शस्त्रं आहेत.

धुळाक्षर

मी न्यू जर्सीत. दोन दिवस धागा वाचतोय, आज लिहायचं धाडस केलं. सुरुवात कुठून करू? पेदेर्सोलीची .४५-७० शार्प्स बघून ठेवलीये, पण ओतकाम, दारू, साचे हे सगळं एकदम घ्यायचं का?

नाचणी

काहीच घेऊ नका अजून! आधी जवळच्या क्लबात जाऊन कुणाची तरी दुर्बीण धरा.

रानवारा

नाचणीला अनुमोदन. एक अख्खा दिवस जोडीदार म्हणून बसा. दुसऱ्याच्या गोळ्या कुठे पडतात हे बघताना वारा जितका समजतो तितका स्वतः बार काढताना समजत नाही. या प्रकारातली माणसं आपली रायफल नवख्याच्या हातात द्यायला मागेपुढे बघत नाहीत, स्पर्धेच्या दिवशीसुद्धा. चार-पाच जणांच्या रायफली खांद्याला लावून बघा, दस्त्याची लांबी प्रत्येकाला वेगळी लागते. न्यू जर्सीत बंदूक घेण्याआधी राज्याचं ओळखपत्र लागतं, तो अर्ज आजच टाका, वेळ लागतो.

मग रायफल, आणि तिच्याबरोबर फक्त गज, चिंध्या आणि फुंकनळी. सुरुवातीची काडतुसं क्लबातल्या कुणाकडे तरी त्याच्या देखरेखीखाली भरा. ओतकाम त्यानंतर, आणि तेही उघड्यावर, शिशाची वाफ आणि धूळ अंगावर घेऊन घरात मुलांजवळ जायचं नाही. साचा घेताना मला विचारा. तुमच्या नळीचं माप कळल्याशिवाय कुठला ते सांगता येणार नाही.